कुपवाडच्या मशीन शॉपला ‘स्मार्ट’ करायचं, तर पहिला पैसा कशावर?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत दुसऱ्या पिढीचा कारखाना आहे. सहा सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) लेथ, दोन व्हीएमसी (उभ्या मिलिंगच्या सीएनसी मशिनी), बाकी जुन्या मशिनी, हेल्पर धरून ३६ माणसं. काम बहुतेक कास्टिंगच्या मशीनिंगचं : हब, फ्लँज, पंपाचे भाग. पुण्याच्या ग्राहकाने ‘डेटा आणि ट्रेसेबिलिटी (कुठला भाग कुठून, कसा झाला याचा माग) दाखवा’ म्हणून तगादा लावलाय. एका पुरवठादाराने सगळ्या मशिनी जोडून देणं, सॉफ्टवेअर आणि लोडिंगचा एक रोबोट असं एकत्र कोटेशन दिलंय. बँक कर्ज द्यायला तयार आहे. वडिलांचं म्हणणं, माणसं शिकवली की पुण्याजवळच्या चाकणला, मोठ्या कारखान्यांत पळतात, तेव्हा पैसे मशिनीतच घाल. काय करावं?

रोबोट आत्ता घेऊ नका. सॉफ्टवेअरचं कोटेशनही दोन-तीन महिने बाजूला राहू द्या. ते महाग आहे की स्वस्त, हे ठरवायला लागणारा आकडाच अजून तुमच्याकडे नाही. तुमची मशीन एका पाळीत खरोखर किती मिनिटं धातू कापते, हा तो आकडा.

तो माहीत आहे असं प्रत्येक मालकाला वाटतं. ‘मशीन चालूच असते हो, उभी कधी दिसत नाही’ हे वाक्य मी मिरजेपासून शिरवळपर्यंत ऐकत आलोय. मग कागदावर मांडायला बसलं की चित्र वेगळं निघतं. समजा पाळी आठ तासांची, ४८० मिनिटं. जेवण-चहाची ३० वजा करा, राहिली ४५०. सेटिंग, इन्सर्ट (धातू कापणारी पात) बदलणं, पहिला जॉब पास होईपर्यंतची वाट, लाइट जाणं, या सगळ्यात मिळून १२० मिनिटं मशीन उभी. चालली ३३०. लोडिंग धरून एका जॉबला, म्हणजे एका नगाला, ३ मिनिटं, म्हणजे ११० जॉब निघायला हवेत, निघाले ९६. त्यातले ४ रिजेक्ट, चांगले ९२. आता ९२ गुणिले ३, म्हणजे २७६ मिनिटांचं काम आपण ४५० मिनिटांत केलं. ६१ टक्के. यालाच ओईई (ओव्हरऑल इक्विपमेंट इफेक्टिव्हनेस) म्हणतात. जपानच्या सेइची नाकाजिमांनी टीपीएमबरोबर (सगळ्यांनी मिळून मशिनींची निगा राखायची पद्धत) ही मोजणी रूढ केली आणि ८५ टक्के म्हणजे उत्तम, हा दाखलाही तेव्हापासून फिरतोय. तुम्ही ८५ च्या मागे लागू नका. एकच जॉब महिनोन्‌महिने चालवणाऱ्या लाइनचा मापदंड रोज सेटिंग बदलणाऱ्या जॉब शॉपला लावला, तर उगाच सगळे नापास ठरतात. तुमचं लक्ष हवं त्या १२० मिनिटांवर.

ती कुठे जातात हे बघायला मशीनशेजारी स्टूल टाकून एक अख्खी पाळी बसावं लागतं. मिरजेच्या एका शॉपमध्ये मी असा बसलो होतो. सकाळी सेटिंग संपलं, पहिला जॉब निघाला आणि तपासणीच्या खोलीत गेला. तपासणीला माणूस एकच, आणि तो गाडी भरायच्या गडबडीत चलनं लिहीत होता. अर्धा तास उलटून गेला. मग बोअर, म्हणजे आतल्या भोकाचं माप, दोन शतांश मिलिमीटरने कमी आहे असं कळलं. ऑपरेटरने मशीनला ऑफसेट (मापातली दुरुस्ती) दिला, त्याला मिनिटभरही लागलं नाही. दुपारी इन्सर्ट संपले. स्टोअरची किल्ली सुपरवायझरच्या खिशात आणि सुपरवायझर बँकेत. यातल्या एकाही गोष्टीला सॉफ्टवेअर लागणार नव्हतं. तिथे केलं ते एवढंच : बोअर गेज आणि तो जुळवून घ्यायची मास्टर रिंग मशीनपाशी आणून ठेवली, ऑपरेटरला पहिला जॉब स्वतः मोजायला आणि ठरलेल्या हद्दीत ऑफसेट द्यायला शिकवलं, आणि पाळीला लागणारे इन्सर्ट सकाळीच मोजून ट्रेमध्ये दिले. ‘हद्दीत’ हा शब्द महत्त्वाचा. एका वेळी किती शतांशापर्यंत स्वतः द्यायचं आणि कुठे थांबून सेटरला हाक मारायची, हे मशीनवर लिहून चिकटवलेलं होतं. नाहीतर दोन शतांशच्या जागी दोन दशांश पडतात आणि जॉब वाया जातो.

मग डिजिटलची गरजच नाही का? आहे. कारण वहीत लिहिलेली कारणं खोटी नसली तरी ढोबळ असतात. पाळी संपताना आठवून लिहिलेल्या नोंदी बघा : सगळ्या थांबण्या १०, १५ नाहीतर ३० मिनिटांच्या. सात मिनिटांची थांबणी वहीत कधीच सापडत नाही. आणि दिवसात सात-सात मिनिटांच्या दहा थांबण्या झाल्या, तर तासाभरापेक्षा जास्त वेळ कुणाच्या नकळत जातो. तिथे यंत्राने मोजलेलाच आकडा लागतो.

त्यासाठी मोठं कोटेशन लागत नाही. मशीनवर जो हिरवा-पिवळा-लाल टॉवर लॅम्प असतो, तो बहुधा २४ व्होल्टवर चालतो. त्याचा सिग्नल ऑप्टोकपलरमधून (दोन्हीकडची वीज वेगळी ठेवून सिग्नल पुढे देणारा छोटा भाग) घेऊन एका छोट्या कंट्रोलरला दिला, की मशीन चालू, थांबलेली की अलार्मवर, हे सेकंदाच्या हिशेबात मिळतं. जुन्या लेथला लॅम्प नसेल तर स्पिंडल मोटरच्या केबलवर करंट ट्रान्सफॉर्मर (करंट मोजणारी कडी) चढवायचा. नुसती फिरताना आणि कापताना मोटर वेगवेगळा करंट ओढते. नव्या कंट्रोलला इथरनेट पोर्ट असतो. फॅनुकच्या कंट्रोलमधून त्यांचंच फोकास सॉफ्टवेअर वापरून जॉबचा आकडा, अलार्म, चालू प्रोग्राम सगळं वाचता येतं. सीमेन्समध्ये ओपीसी यूए या डेटा देण्याघेण्याच्या पद्धतीने वाचता येतं, पण त्याचं लायसन्स वेगळं लागतं. कोटेशनमध्ये ते धरलंय का, विचारा. सगळ्या आठ मशिनी एकदम जोडू नका. ज्या मशीनमुळे डिस्पॅच अडकतो ती एक आणि तिच्या शेजारची एक, एवढ्यावर सुरुवात करा.

दोन फालतू वाटणाऱ्या गोष्टींवर हे काम हमखास फसतं. पहिली, अर्थिंग. वेल्डिंगचा सेट त्याच फेजवर असेल आणि आरएस-४८५ ची (डेटा नेणारी) वायर पॉवर केबलच्याच ट्रेमधून ओढलेली असेल, तर आकडे वेड्यासारखे उड्या मारतात आणि मग सगळे म्हणतात, ‘सिस्टीमच बोगस आहे.’ शील्डची वायर वापरा, शील्ड एकाच टोकाला अर्थ करा, आणि पावसाळ्याआधी अर्थपिट तपासून घ्या. दुसरी, नेट आणि लाइट. डेटा थेट क्लाउडवर पाठवणारी पेटी नेट गेलं की आंधळी होते. डेटा आधी कारखान्यातल्याच छोट्या पीसीवर साठला पाहिजे, नेट आलं की वर जाईल. पेटीला आणि पीसीला यूपीएस द्या. मशीन बंद पडल्याची नोंद घेणारी पेटी मशीनबरोबरच बंद पडत असेल, तर तिचा उपयोग काय!

आता खरी अडचण. पुरवठादार तुम्हाला डेमो दाखवेल तो मोबाइलवर. घरी बसून कळेल, तीन नंबरची लेथ उभी आहे. तुम्ही फोन लावाल, ‘का रे, मशीन का बंद?’ ही सवय लागली की तिथून पुढचा डेटा मेलाच म्हणून समजा. कराडकडच्या एका शॉपमध्ये महिन्याभरात सगळ्या मशिनी रात्रपाळीला भरपूर हिरव्या दिसायला लागल्या, पण सकाळी जॉब मोजले तर तेवढेच. मालक चक्रावले. ऑपरेटर रिकाम्या चकवर (जॉब पकडणारा भाग) प्रोग्राम हवेत फिरवून ठेवत होते. लॅम्प हिरवा, फोन शांत. पोरं हुशार असतात. त्यांना पकडायला तुम्ही आणखी एक सेन्सर लावाल, ते त्यावरही उपाय काढतील.

म्हणून पहिले तीन महिने आकडा मालकाच्या मोबाइलवर नको. मशीनच्या वर एक जुना टीव्ही लावा, आकडा आधी ऑपरेटरने बघू दे. थांबण्याचं कारण नोंदवायला पाच-सहाच बटणं द्या आणि ती मराठीत लिहा : सेटिंग, इन्सर्ट नाही, माल नाही, तपासणीची वाट, बिघाड, लाइट. बिहार-उत्तर प्रदेशची माणसं असतील तर खाली हिंदीतही. बघा, सहापैकी चार कारणं ऑपरेटरच्या हातातली नाहीतच. माल, इन्सर्ट, तपासणी आणि लाइट ही ऑफिसची जबाबदारी. हे एकदा पडद्यावर दिसायला लागलं आणि मालकाने आठवडाभरात त्यातलं एक तरी कारण मिटवलं, की ऑपरेटर आपणहून बटण दाबतो. नाही मिटवलं तर कितीही महागडी सिस्टीम आणा, कारणाच्या जागी कायम ‘सेटिंग’ येईल.

ग्राहकाच्या ट्रेसेबिलिटीबद्दल. त्याला सहसा एवढंच हवं असतं : हा जॉब कुठल्या हीटच्या (भट्टीतल्या एका वेळच्या ओताच्या) कास्टिंगमधून, कुठल्या मशीनवर, कुठल्या तारखेला झाला आणि त्याचं मोजमाप काय आलं. त्यातली हीट फाउंड्रीकडून येते. तुमची फाउंड्री कास्टिंगवर हीट कोड नीट उठवत नसेल, किंवा तुमच्या अंगणात दोन हीटचा माल एकाच ढिगात पडत असेल, तर पुढे क्यूआर कोड मारून काय सांगणार? आधी ढीग वेगळे करा, त्यांना पाट्या लावा. मग डॉट-पिन मार्किंग (धातूवर टिंबांनी नंबर उठवणं). मग डिजिटल बोअर गेजचं रीडिंग केबलने थेट पीसीत. आणि त्याच्याही आधी गेज आर अँड आर (तेच माप पुन्हापुन्हा घेऊन गेजचा आणि माणसाचा फरक तपासणं) करून घ्या. मोजण्यातलीच चूक १० टक्क्यांच्या आत असेल तर छान, ३० च्या वर असेल तर त्या गेजने काढलेल्या सीपीके १.३३ ला (मापं ठरलेल्या हद्दीत किती आरामात बसतात याचा आकडा) काहीच अर्थ नाही. हे मी ऑडिटरच्या भीतीने सांगत नाहीये. चुकीच्या गेजवर ऑपरेटर दिवसभर ऑफसेट मारत बसतो आणि चांगला चाललेला जॉब बिघडवतो.

रोबोट कधी? एकच जॉब हजारोंनी, महिनोन्‌महिने, आणि कास्टिंग एकसारखं, तेव्हा. आपल्या पट्ट्यातल्या कास्टिंगची तिसऱ्या अटीवर गोची होते. पार्टिंग लाइनवरची फ्लॅश (साच्याच्या जोडावर उरलेली धातूची कड) कधी अर्धा मिलिमीटर, कधी दोन. ऑपरेटर फ्लॅश बघतो, कानस फिरवतो, जॉब चकमध्ये नीट बसला की नाही ते हाताला कळतं. ग्रिपरला यातलं काही कळत नाही; तो वाकडा बसलेला जॉबही धरून आत देतो. तुमच्या वर्णनावरून तुमच्याकडे जॉब वरचेवर बदलतात. रोबोट उभा राहील आणि त्याच्या शेजारी ऑपरेटरही उभा राहील. त्यापेक्षा त्या पैशाच्या छोट्याशा हिश्शात दरवाजा हवेवर उघडणारा करा आणि जिथे अजून हाताने चक आवळतात तिथे हायड्रॉलिक चक बसवा.

हवेवरून आठवलं. रविवारी सगळं बंद असताना कॉम्प्रेसर एकटा चालू करा आणि हवा कुठून गळते ते ऐकत शॉपमधून चक्कर मारा. ७ बार दाबाला ३ मिलिमीटरच्या एका भोकातून एवढी हवा जाते की ती भरायलाच कॉम्प्रेसर सुमारे ३ ते ४ किलोवॅट खातो. कॉम्प्रेसरवर मॉडबसचा (आकडे वायरने पीसीला पाठवणारा) एक एनर्जी मीटर लावा, डिजिटलचा पैसा सर्वांत लवकर वसूल होतो तो इथे.

आता माणसं. वडिलांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. शिकलेला पोरगा चाकणला जातो, खरं आहे. पण न शिकवलेला राहिला तर तुमचं काय होतं, तो हिशेबही मांडा. एक उदाहरण रोजच्यातलं. फॅनुकच्या मशिनीत स्थानाची आठवण ठेवणाऱ्या एन्कोडरला एक बॅटरी असते. ती उतरायला लागली की पडद्यावर सूचना येते, इंग्रजीत. कुणी वाचत नाही. दिवाळीची सुट्टी लागते, मशीन आठवडाभर बंद, आणि पाडव्यानंतर चालू करावी तर मशीन आपली जागाच विसरलेली. किंवा कुणी उत्साही माणूस ‘लाइट बंद करून सुरक्षित बदलतो’ म्हणून मेन स्विच पाडतो आणि बॅटरी काढतो; तीच चूक. ही बॅटरी कंट्रोल चालू असतानाच बदलायची असते. मग कंपनीचा इंजिनिअर पुण्याहून येईपर्यंत मशीन उभी. हे टाळायला लागतं ते एक कार्ड : सूचनेचा फोटो, खाली मराठीत दोन ओळी, काय करायचं आणि कशाला हात लावायचा नाही. तुमच्या मशीनवर वारंवार येणारे दहा-बारा अलार्म असे लिहून काढा. लिहायला सांगा ते तुमच्या सर्वांत जुन्या सेटरला. त्याच्या डोक्यातलं बाहेर काढायचा याहून सोपा मार्ग मला सापडलेला नाही. पॅरामीटरचा बॅकअपही त्याच्याच हाताने घेऊन तारीख टाकून ठेवा.

प्रशिक्षण म्हणजे सगळ्यांना हॉटेलात बसवून प्रोजेक्टरवर ‘इंडस्ट्री ४.०’ दाखवणं, हा पैशाचा चुराडा आहे. पाळी बदलताना पंधरा मिनिटं, मशीनपाशी, एका वेळी एकच गोष्ट. आज टूल नोजची (टूलच्या गोल टोकाची) भरपाई, उद्या चकचे सॉफ्ट जबडे बोअर करणं, परवा पडद्यावरचा आलेख कसा वाचायचा. भिंतीवर कौशल्याचा तक्ता लावा : उभ्यात नावं, आडव्यात कामं, प्रत्येक चौकटीत चार भागांचं वर्तुळ. पाहिलंय, मदतीने करतो, एकटा करतो, दुसऱ्याला शिकवतो. चौथा भाग भरल्याशिवाय बढती नाही. हा तक्ता तुम्हालाही आरसा दाखवेल. बऱ्याच शॉपमध्ये प्रोग्रामचा रकाना एकाच नावासमोर भरलेला असतो, आणि तो माणूस ऊस तोडणीला किंवा गावच्या जत्रेला गेला की सगळं ठप्प.

या पट्ट्याला हे नवं नाही. १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली तेव्हा कुशल कामगार कुठून आणणार होते? आसपासच्या खेड्यांतली शेतकऱ्यांची पोरंच ओतारी आणि फिटर झाली. कर्मवीर भाऊराव पाटील किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडले होते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. पुढे त्यांनी ‘कमवा आणि शिका’ उभं केलं. सांगलीचं वालचंद कॉलेज १९४७ चं. तिथल्या किंवा कराडच्या सरकारी कॉलेजच्या पोरांकडून सेन्सरचा पहिला जुगाड प्रोजेक्ट म्हणून जरूर करून घ्या, झकास करतात. फक्त परीक्षा झाली की ती जाणार हे धरून चाला. म्हणून पहिल्या दिवसापासून तुमचा इलेक्ट्रिशियन त्यांच्या शेजारी बसलेला हवा आणि वायरिंगचा नकाशा तुमच्या कपाटात.

चाकणचं काय? बाँड लिहून घेऊ नका. जायचा तो जातोच, आणि राहणारा मनातून उतरतो. तक्त्यातल्या प्रत्येक पायरीला ठरलेली पगारवाढ बांधा आणि ती तक्त्याशेजारीच लिहून लावा. आपल्याकडच्या पोराचं घर स्वतःचं असतं, थोडी शेती असते, आईवडील जवळ असतात. चाकणला खोलीभाडं आणि खानावळ वजा जाता हातात काय उरतं, हे तोही जाणतो. तुम्हाला चाकणएवढा पगार द्यायची गरज नाही, पण फरक भाड्याएवढाच राहिला पाहिजे. दुप्पट झाला तर पोरगा जाणारच आणि त्याला दोष देता येणार नाही. परत यायला तयार असलेलेही बरेच असतात. त्यांना मुद्दाम शोधा, ते शिकून आलेले असतात. मुलींचाही विचार करा. आयटीआय केलेल्या मुली तपासणीत चोख काम करतात, आणि सीएमएमचा (मापं घेणाऱ्या संगणकी यंत्राचा) प्रोग्राम शिकवला तर तुमची ‘तपासणीची वाट’ निम्मी होते.

सरकारी मदत घ्या, तिच्या भरवशावर बसू नका. ३० किंवा जास्त माणसं असतील तर शिकाऊ उमेदवार घेणं कायद्याने बंधनकारक आहे, एकूण माणसांच्या २.५ ते १५ टक्के. तुमची ३६ आहेत, म्हणजे तुम्ही त्यात येता. केंद्राच्या अप्रेंटिसशिप योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के हिस्सा, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार देतं. एमएसएमईची (लघु-मध्यम उद्योगांची) लीन, म्हणजे वाया जाणारं कमी करण्याची, योजना आहे, तिच्या मधल्या आणि वरच्या टप्प्यात सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के वाटा केंद्राचा. वर सांगितलेलं बरंचसं त्यातच बसतं, कारण आधी लीन आणि मग डिजिटल हाच क्रम आहे. मशीन जोडणी प्रत्यक्ष बघायची असेल तर पुण्याची सीफोरआयफोर लॅब अवजड उद्योग मंत्रालयाच्या ‘समर्थ उद्योग’खाली उभी राहिली आहे. जाताना एकटे जाऊ नका, सेटरला सोबत न्या. जे प्रश्न त्याला पडतील ते तुम्हाला पडणार नाहीत.

दोन मशिनींवर तीन महिने झाले आणि उभं राहण्याची मिनिटं खरोखर कमी झाली, की तेव्हा ते कोटेशन पुन्हा काढा. रोबोटची ओळ खोडा. मग पुरवठादाराला एवढं लेखी मागा : डेटा तुमच्या पीसीवर राहील आणि हवा तेव्हा एक्सेलमध्ये निघेल, पासवर्ड तुमच्या ताब्यात, वार्षिक भाडं पाच वर्षांसाठी आज ठरलेलं, पडदे मराठीत, तुमच्या इलेक्ट्रिशियनला पेटी उघडून बदलायला शिकवणं कामाचाच भाग, आणि शेवटचे ३० टक्के पैसे, सिस्टीम सलग तीन महिने चालल्यावर. याला जो कां-कूं करेल त्याला चहा पाजून पाठवा. कुपवाडपासून भोसरीपर्यंत ही कामं करणारे पुष्कळ आहेत.